चिमूटभर नीळ

रात्रभर वारा सुटला होता, तोही कोरडाठाक. असला वारा माणसाचे ओठ फोडतो, टाचा फोडतो. पण कला महाविद्यालयाच्या शिल्प विभागात तो सरळ डोकी फोडतो. म्हणून त्या शुक्रवारी मुंडीकाका अर्धा तास आधीच निघाले. कोपऱ्यावरचं किराणा दुकान अजून उघडलं नव्हतं. बंद शटरकडे त्यांनी एकदा बघितलं, शर्टाचा खिसा चाचपला, दुपारी बघू म्हणाले आणि पुढे झाले.

"काय काका, आज कोंबड्याच्या आधी?" वॉचमनने विचारलं.

"वारा बघ की. पोरांनी फडकी नीट गुंडाळली नसणार. एकेकाला बसून शिव्या घालतो."

शिल्पाचा हॉल तळमजल्यावर. उंच खिडक्या, त्यातल्या दोन काचा फुटलेल्या आणि तिथे पुठ्ठा लावलेला. मध्ये लाकडी चौथरा, त्यावर एक खुर्ची. तिच्याभोवती वीस फिरते स्टँड, आणि प्रत्येकावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एकेक मातीचं डोकं. काकांनी बादली भरून घेतली, पहिल्या डोक्याचं फडकं सोडलं, तोंडात पाण्याची चूळ भरली आणि फुर्रकन फवारा उडवला. फवारणीचा पंप विभागात होता म्हणे एकेकाळी. काकांनी तो कधी पाहिला नव्हता.

आता गंमत अशी की ती वीसच्या वीस डोकी काकांचीच होती. त्यांनाच समोर बसवून पोरं डोकी घडवायची. म्हणजे रोज सकाळी स्वतःच्याच तोंडावर वीस वेळा थुंकणारा माणूस म्हणून काका साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध होते. हा विनोद कुठल्या बॅचने केला ते कुणाला आठवत नव्हतं, पण दर वर्षी नवी पोरं तो नव्याने करायची आणि काका दर वर्षी नव्याने हसायचे.

वीस डोकी, पण एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. एक दाढ सुजल्यासारखं, एक उकडलेल्या बटाट्यासारखं. एकाचे कान पातेल्याच्या कड्यांसारखे, धरून उचलावं असे. लंबू म्हणून एक ताडमाड पोरगा होता, त्याच्या डोक्याला मान एवढी लांब की काका म्हणायचे, "अरे, हा तुझा बाप आहे, मी नाही."

सव्वीस वर्षांपूर्वी काका इथे लागले ते माती मळायला. हॉलच्या मागे सिमेंटचा हौद होता. त्यात जुनी माती भिजवायची, पायांनी तुडवायची, गोळे करून पोरांना द्यायचे. एक दिवस मॉडेल म्हणून येणारा म्हातारा तापाने आला नाही, तेव्हाचे सर म्हणाले, "काका, बसा जरा दोन तास." काका बसले ते सव्वीस वर्षं बसलेच. सकाळी माती, दुपारी खुर्ची. बसण्यात ते असे तयार झाले की नाकावर माशी फिरली तरी पापणी हलायची नाही. नजर ठेवायला समोरच्या भिंतीतला एक खिळा त्यांनी धरला होता. नवव्या वर्षी तो खिळा गळून पडला. तेव्हापासून ते भोकाकडे बघत होते.

पण घरी त्यांचं एकही डोकं नव्हतं.

प्लास्टर विभागाला नेहमीच तोकडं. पहिल्या तिघाचौघांचं काम प्लास्टरमध्ये ओतायचं, बाकीची माती निकालाच्या दुसऱ्या दिवशी परत हौदात. ते कामही काकांचंच. सव्वीस वर्षांत पोरांनी त्यांची जेवढी डोकी घडवली, जवळजवळ तेवढी त्यांनीच पायाखाली तुडवली. प्लास्टरची जी उरली ती कॉलेजची मालमत्ता. चार माळ्यावर होती, एकावर कुणीतरी टोप्या अडकवायचं, आणि एक विभागप्रमुखांच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं होतं. आत जाताना लोक त्याला पायाने सरकवायचे. काकाही सरकवायचे.

त्यांना आपलं एक डोकं घरी का हवं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील ते दीड वर्षाचे असताना गेले होते. फोटो नाही, काही नाही. आई मरेपर्यंत एवढंच सांगायची, "तू हुबेहूब त्यांचा. त्यांचा खालचा ओठ असा डावीकडे ओढलेला असायचा. हसू आलंय आणि दाबून धरलंय असा." काका कितीदा आरशासमोर उभे राहिले. आरशात माणूस उलटा दिसतो, आणि ओठ बघायला गेलं की ओठच सावध होतो. त्यांना बाप काही दिसला नाही. पण एवढी पोरं, एवढी वर्षं. कुणाच्या तरी हातून एकदा तो निघेल, असं त्यांनी कुठेतरी धरून ठेवलं होतं.

तो निघत का नव्हता, त्याचं कारण पोरांकडच्या एका वहीत होतं. मेणकापडाचा पुठ्ठा असलेली ती वही वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायची. वर लिहिलेलं, 'काका'. आत मापं. भुवईपासून नाकाचा शेंडा किती, दोन डोळ्यांत अंतर किती, डावा कान उजव्यापेक्षा पाव इंच खाली, तोंड पावणेदोन इंच, सरळ. वही उघडी ठेवायची, मापं टाकायची, की झालं. काका खुर्चीवर असले काय आणि नसले काय. लंबू तर एकदा म्हणालाही, "काका, तुम्ही चहा पिऊन या हवं तर. तुमचं काम नाहीये आत्ता."

ही वही सुरू केली ती आताच्या विभागप्रमुखांनी, ते स्वतः इथे विद्यार्थी असताना. खिशात कायम टेप, म्हणून पोरं त्यांना इंचटेप सर म्हणायची. त्यांनीही काकांचं डोकं केलं होतं त्या काळी. काकांना ते आठवत होतं. विशेष काही नव्हतं.

मग या वर्षी घुबड आली.

तिला घुबड म्हणायचे ते तिच्या जाड चष्म्यामुळे आणि टक लावून बघण्याच्या सवयीमुळे. बोलायची कमी. पहिल्याच दिवशी लंबूने वही तिच्यापुढे टाकली. तिने दोन पानं चाळली, मिटली आणि परत दिली.

"का गं? फुकट आहे म्हणून नको?"

"मला त्यांच्याकडे बघायचंय."

"बघ बघ. काका, केस नीट करा, मुलगी बघायला आलीय!"

सगळा हॉल हसला. काकाही हसले असते, पण बसलेला माणूस हसत नाही.

पंधरा दिवस तिने नुसती माती चढवली आणि उतरवली. बाकीच्यांची डोकी डोळ्यानाकापर्यंत आली तेव्हा हिचा अजून नारळच. कधी स्टँड सोडून मागे जाऊन मानेकडे बघायची, कधी खाली बसून हनुवटीखालून. काकांना कसंतरीच व्हायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी असं बघितलेलं नव्हतं. मग तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते फवारा मारायला गेले, तिचं फडकं सोडलं आणि तोंडातलं पाणी त्यांनी गिळून टाकलं.

खालचा ओठ डावीकडे ओढलेला होता. हसू आलंय आणि दाबून धरलंय असा.

 मग फडक्याचं टोक पिळून, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं त्यांनी हलक्या हाताने पाणी लावलं. त्या डोक्यावर त्यानंतर ते कधी थुंकले नाहीत.

दुपारी इंचटेप सर फेरीला आले. तिच्या स्टँडपाशी थांबले. टेप काढला.

"तोंड वाकडं गेलंय."

"सर, तसंच आहे."

"वीस वर्षं बघतोय मी काकांना. सरळ आहे. हे बघ." त्यांनी चौथऱ्याकडे बोट केलं. काकांचं तोंड खरोखरच सरळ होतं.

सर गेल्यावर घुबड म्हणाली, "काका, तुम्ही सर आले की ओठ आवळता."

"मी? छे."

"आवळता. ते गेले की सुटतो."

त्या संध्याकाळी घरी शिलाई मशीनवर वाकलेल्या बायकोला त्यांनी विचारलं, "अगं, माझं तोंड वाकडं आहे का?"

"आज कळलं? लग्न झाल्यापासून सरळ कधी बोललात?" तिने दोरा दाताने तोडला.

मग मात्र त्यांना राहवलं नाही. ते घुबडीपाशी जाऊन उभे राहिले आणि बुटाच्या टोकाने फरशी खरवडत म्हणाले, "पोरी, ओतशील तेव्हा... निकालानंतर... म्हणजे तुला नको असलं तर..."

"तुमचंच आहे ते काका. प्लास्टर मी माझ्या पैशाने आणून परीक्षेआधीच ओतणार आहे. मी सरांना विचारलंय. नंबरात नाही आलं तर नेता येतं म्हणाले. आणि तोंड वाकडं, म्हणजे नंबरात येणार नाहीच."

काकांच्या आनंदाला तोंड फुटलं ते असं. कॅन्टीनवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, बायकोला सांगितलं. बायकोने कुरकुरत भिंतीवरच्या फळीवरचे बटणांचे डबे काढून मशीनखाली ठेवले. "येऊ द्या एकदाचे साहेब," ती म्हणाली. त्याच आठवड्यात इंचटेप सरांनी काकांना बोलावून सांगितलं, की पोरांना तुमचं डोकं पाठ झालंय, पुढच्या वर्षापासून मॉडेल दुसरा, तुम्ही फक्त मातीचं बघा. एरवी काकांनी चार दिवस जेवण सोडलं असतं. पण त्या वेळी ते "बरं सर" म्हणाले आणि बाहेर पडताना दारातलं आपलं डोकं पायाने न सरकवता वाकून हाताने सरकवलं.

म्हणजे हे शेवटचं डोकं होतं, आणि हेच खरं होतं.

तर तो शुक्रवार. घुबडीच्या ओतकामाचा दिवस.

मातीचं डोकं प्लास्टरमध्ये आणायचं म्हणजे आधी त्याच्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा. मग साचा दोन भागांत उघडून आतली माती उकरून काढायची, आतून साबण लावायचा, भाग जोडायचे आणि पोकळीत नवं प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की वरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा. साचाही पांढरा आणि आतलं डोकंही पांढरं. मग फोडणाऱ्याला कळावं कसं, की साचा कुठे संपला आणि नाक कुठे सुरू झालं? त्यासाठी साच्याच्या अगदी पहिल्या, पातळ थरात नीळ कालवायची, कपड्यांना घालतात तीच. फोडताना निळं दिसलं की हात आखडायचा. दर वर्षी हे काका पोरांना सांगायचे, आणि सांगून झालं की म्हणायचे, "निळीशिवाय साचा फोडणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून हजामत करणं. समजलं का रे शहाण्यांनो?" निळीची पुडी त्यांच्या वरच्या खिशात कायम असायची.

त्या दिवशी पुडीत चिमूटभर उरली होती. कारण शनिवारी वर्गाचा फोटो होता, पोरं आणि त्यांची कामं, आणि घुबडीने सांगितलं होतं की काका, तुम्ही डोक्याशेजारी उभं राहायचं. म्हणून गुरुवारी काकांनीच बायकोला पांढरा शर्ट धुवायला दिला आणि वरून पुडीही दिली. "चांगली घाल," म्हणाले, "लख्ख दिसला पाहिजे." तिने घातली.

दुपारी दुकानात जाऊन आणू, असं ठरलं होतं. पण वाऱ्याने सकाळपासूनच घोळ घातला. अकराच्या सुमाराला घुबड धावत आली. "काका, कानामागून तडा चाललाय!"

काकांनी जाऊन बघितलं. केसाएवढा तडा, कानामागून गालाकडे सरकत होता. "आत्ताच्या आत्ता साचा चढवू. आण प्लास्टर."

पत्र्याच्या पट्ट्या डोक्यात रोवून पुढचा-मागचा भाग वेगळा केला. तसराळ्यात पाणी घेतलं, त्यात प्लास्टर मुठीमुठीने सोडलं. काकांनी पुडी उलटी केली, कागदावर टिचकी मारली, मग कागदच पाण्यात बुडवून चोळला. लापशी जरा निळसर झाली. आकाश फटफटताना असतं तसली.

घुबडीने डोकावून बघितलं. "काका, निळं कमी वाटतंय."

दुकान फाटकाबाहेर. धावत जाऊन यायला दहा मिनिटं. तडा दहा मिनिटांत काही नाकापर्यंत पोचणार नव्हता. पण अवतीभवती सात-आठ पोरं उभी होती आणि लंबू त्यातच होता, आणि काकांच्या तोंडून गेलं, "ओल्यात तसंच दिसतं. वाळलं की उठून येतं."

ते उलटं होतं. ओल्यात असतो तेवढा रंग वाळल्यावर राहत नाही, हे त्यांच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नक्की ना?"

"माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?"

मग पुढे सगळं झरझर झालं. पहिला थर, वर जाड थर, सुकवण. तीन वाजता साचा उघडला. आतली माती काकांनी स्वतःच्या हाताने उकरली. तोंडाच्या जागची माती निघाली तेव्हा ती क्षणभर त्यांच्या तळव्यावर होती, ओठाचा कोपरा अजून ओळखू येत होता. त्यांनी ती इतर मातीबरोबर हौदात टाकली. आता कशाला हवी? ओठ साच्यात उतरला होता. साबण लावला, भाग बांधले, आत प्लास्टर फिरवलं, आणि घरी जाताना ते साच्यावर थाप मारून म्हणाले, "झोप रे बाबा नीट."

शनिवारी काका पांढरा शर्ट घालूनच आले. घुबड छिन्नी घेऊन तयारच होती.

"दे इकडे," ते म्हणाले. "पहिल्यांदा फोडणाऱ्याने दुसऱ्या कुणाचं तरी फोडावं. हे मी फोडतो."

तिने छिन्नी दिली. तिला काय, ती तर सुटलीच.

कवटीपासून सुरुवात केली. ढपले पटापट उडत होते. मागचा भाग निघाला, कान निघाले. केसांत कुठे कुठे निळसर छटा दिसायची, ती बघून काकांनी हात हलका ठेवला. कपाळ निघालं. एक भुवई निघाली. पोरं भोवती जमली होती आणि फोटोवाला दारात येऊन स्टँड लावत होता.

"काका, हसा," लंबू म्हणाला, "तुम्ही बाहेर येताय!"

गालाशी निळं दिसेना. काकांनी साचा उजेडाकडे फिरवला, ओल्या बोटाने चोळून बघितलं. पांढरंच. इथे थर जाड असणार, असं त्यांना वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा वाटून घेतलं. तिथे थांबता आलं असतं. पाणी मारून, सुईने टोकरत, दिवसभर बसून काढता आलं असतं. त्यांनी छिन्नी टेकवली आणि हातोडीने टक केलं.

आवाज वेगळा आला. साच्याचा ढपला निघतो तेव्हा कोरडं 'फट्' होतं. हा आवाज मऊ होता. ढपला काकांच्या तळव्यावर पडला. त्यांनी तो उलटा केला. आत खालचा ओठ होता, डाव्या कोपऱ्यासकट, आणि त्याच्याबरोबर हनुवटीचा तुकडा. छिन्नी त्याच्या बरोबर मधून गेली होती. ते बघेपर्यंत ओठ दोन ठिकाणी भुगा होऊन बोटांतून खाली गेला.

जमलेली पोरं एक पाऊल मागे सरली. लंबूसुद्धा.

"चिकटवता येईल," घुबड म्हणाली. तिने खाली बसून भुगा ओंजळीत गोळा केला. त्यात चिकटवण्यासारखं काही नव्हतं. बसल्या बसल्याच तिने वर बघितलं, चष्म्याआडून, तसंच टक लावून. "निळं नव्हतंच काका."

"नव्हतं," काका म्हणाले.

तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. फोटोवाला म्हणाला, चला, उजेड जातोय. मग फोटो झाला. डोकं एका बाजूला वळवून ठेवलं होतं, म्हणजे मोडलेली बाजू दिसू नये. काका मागच्या ओळीत उभे राहिले. शर्ट लख्ख आला असेल.

मंगळवारी परीक्षक येणार होते. रविवारी सुट्टी. सोमवारी ती दुरुस्ती करायला बसणार आणि तिला समोर माणूस लागणार, हे काकांना कळत होतं. सोमवारी सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, की शेजारच्यांकडून वॉचमनला फोन लाव, अंगात कणकण आहे म्हण. बायकोने कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं. ती फोन लावायला गेली. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. फळी रिकामीच होती.

मंगळवारी ते कॉलेजला आले तेव्हा परीक्षण सुरू होतं. काका हौदाशी थांबले. तिथून आतलं ऐकू यायचं. टेप सुटल्याचा आवाज आला, मग इंचटेप सर म्हणाले, "शाब्बास. आता तोंड बरोबर आलंय. मी तेव्हाच सांगितलं होतं की नाही?"

"हो सर," घुबड म्हणाली.

"बघत जा नीट."

"हो सर."

दुपारी ती डोकं वर्तमानपत्रात गुंडाळून हौदाशी घेऊन आली. नंबरात नाही आलं, पण मार्क चांगले पडले होते.

"काका, घ्या. तुमचं."

काकांनी कागद बाजूला केला. कपाळ खरं होतं. गाल खरे होते. आणि खाली पावणेदोन इंचांचं, सरळ तोंड. ते तोंड त्यांनी लगेच ओळखलं. वीस वर्षं ते त्याच तोंडावर फवारा मारत होते.

"वही घेतली लंबूकडून," ती म्हणाली. "काल तुम्ही नव्हता. मी आठवून करायला गेले तर... तीनदा केलं. आठवेना. दुपार झाली मग."

"हं."

"तुम्ही आला असता तर..."

"ताप होता."

तिने मान हलवली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी मी जाहिरातकलेला जाणार. बाबा म्हणतात तिकडे नोकरी तरी लागते."

काकांना म्हणायचं होतं, की असं बघणारी पोरगी सव्वीस वर्षांत एकच आली, जाऊ नकोस. म्हणायचं होतं, की सुट्टीत ये, मी बसतो, दिवसभर बसतो, पैसे नकोत. पण ज्या तोंडाने तिला 'वाळलं की उठून येतं' म्हणाले त्याच तोंडाने आता हे कसं म्हणणार? ते म्हणाले, "तिकडे हात स्वच्छ राहतात."

"हो," ती म्हणाली. मग गेली.

घरी बायकोने कागद सोडला, डोकं फळीवर ठेवलं, दोन पावलं मागे गेली आणि सुईत दोरा ओवता ओवता बघत राहिली.

"अय्या, हुबेहूब की हो! उगाच चार दिवस घर डोक्यावर घेतलंत."

"तोंड बघ."

"बघितलं. तुमचंच आहे. सरळ." ती हसली. "तेवढं एक कारागिराने सुधारलंय."

काका जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी बटणांचे डबे फळीवर परत आले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन. चार दिवसांनी मापाची पट्टी त्याच्या मानेत आली. सापडायला बरी पडते, बायको म्हणाली. ते खरंच होतं.

कॉलेजला त्या आठवड्यात हॉल मोकळा करायचा होता. वारा पडला होता, पण ऊन तापलं होतं. काकांनी एकेक स्टँड ढकलत हौदाशी आणला. बटाटा, सुजलेली दाढ, पातेल्याचे कान, लंबूचा बाप. एकेकाच्या सांगाड्यावरून माती ओरबाडली आणि हौदात टाकली. मध्येच नवा मॉडेल चौकशीला येऊन गेला, कुठल्याशा बसवरचा निवृत्त ड्रायव्हर, नाक धारदार. "काम काय असतं हो?" त्याने विचारलं.

"काही नाही. समोर भिंतीत एक भोक आहे, तिकडे बघत बसायचं."

तो गेला. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बादलीभर पाणी हौदात ओतलं आणि आत उतरले. वरचा थर वाळून कडक झाला होता, खालची माती अजून गार होती. भिंतीला हात टेकून त्यांनी एक पाय दाबला, मग दुसरा. कोपऱ्यात त्या शुक्रवारच्या मातीचं एक ढेकूळ राहिलं होतं. ते टाचेने फोडून त्यांनी पाण्याची आणखी एक बादली जवळ ओढून घेतली.